तांबडीचं बाळंतपण

या घरात मी बाळंतपणं केली चार. तीन नणंदांची आणि एक तांबडीचं. तांबडी म्हणजे आमच्या दारची कुत्री. नणंदांची बाळंतपणं आता कुणाच्या ध्यानात नाहीत, खुद्द नणंदांच्याही नाहीत. पण तांबडीच्या बाळंतपणाचा विषय गल्लीत अजून निघतो, आणि निघाला की मी काही मान खाली घालत नाही. पदर खोचून पहिल्यापासून सांगायला बसते.

लातूरला आमचं घर तेव्हा दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढंच, वर स्लॅब, मागं भलं मोठं अंगण. आमचे हे शाळेत गणित शिकवायचे. भूकंपानंतर दोन-तीन वर्षं गल्लीत वरचा मजला चढवायचं नाव कुणी काढत नव्हतं. पाहुणा आला तरी बसायच्या आधी मान वर करून स्लॅब बघायचा आणि मग म्हणायचा, बाहेरच बसू की, वारं चांगलं आहे. मग क्लासेसचं वारं आलं. बारावीचा निकाल लागला की पेपरात सगळीकडं लातूर लातूर व्हायला लागलं. देगलूर, नायगाव, उदगीर, पार माहूरच्या डोंगरातनं लोक पोरं घेऊन यायला लागले. ज्यांनी आयुष्यात मजला चढवणार नाही म्हणून कानाला खडा लावला होता, त्यांनीच दोन-दोन मजले चढवले. आम्हीही चढवला. वर बारा पोरी राहायला, वरच्याच हॉलमध्ये दाटीवाटीनं ह्यांचा क्लास, आणि खाली माझी मेस. पोरी ह्यांना सर म्हणायच्या, गल्ली सर म्हणायची, आणि ऐकून ऐकून मीही सरच म्हणायला लागले. नांदेडला माहेरी गेले आणि तोंडातून पटकन सर निघालं, तर आई पोट धरून हसली होती.

मागच्या अंगणात पत्र्याचं एक शेड होतं आणि त्या शेडात माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणायची. ते किल्लारीकडच्या एका खेड्यातले. भूकंप झाला त्या पहाटे ते शेतात राखणीला होते आणि सासूबाई घरात होत्या. दगड-मातीचं माळवदाचं घर. मामा पळत गावात आले तेव्हा घर नव्हतं, ढीग होता. आत जायला आतच राहिलं नव्हतं, असं ते मला म्हणाले होते. एकदाच म्हणाले, ज्वारी निवडताना, आणि परत कधी तो विषय काढला नाही. त्यानंतर ते आमच्याकडं आले ते त्या शेडात राहिले. जेवण शेडात, झोप शेडात, पाहुणे शेडात. माझ्या धाकटीचं बारसं अंगणात मांडव घालून करावं लागलं, कारण आजोबा आत येईनात. सरांनी समजावलं, जावयांनी समजावलं, एका ओळखीच्या डॉक्टरांनी समजावलं. मामा सगळं ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, वर वझं हाय बाबा.

स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला एकच पायरी होती. मामा त्या पायरीपर्यंत यायचे. पायरीच्या पुढं नाही.

तांबडी त्यांचीच. पण ती त्यांनी लाडानं पाळली होती असं नाही, कामावर नेमली होती. भूकंपाच्या आदल्या संध्याकाळपासून त्यांच्या गावातली कुत्री रडत होती म्हणे. लोकांनी हाड हाड केलं आणि कूस बदलून झोपले. तेव्हापासून मामांचा विश्वास माणसावरचा उडाला आणि कुत्र्यावर बसला. रोज आपल्या ताटातली अर्धी भाकरी तिला. ती खाटेखाली झोपली तरच मामांना झोप. रेडिओवर कुणी काही सांगो, मामा आधी तांबडीकडं बघायचे.

त्या साली थंडी चांगली पडली होती आणि परीक्षा तोंडावर आल्या होत्या. संध्याकाळचा क्लास वर भरलेला. मी खाली चपात्या लाटून राहिले होते. तांबडीनं सकाळपासून तोंडात काही घेतलं नव्हतं. दिवस कलल्यावर तिनं शेडाचा कोपरा उकरायला घेतला. उकरायची, वास घ्यायची, गरगर फिरायची, परत उकरायची. धापा टाकायची आणि मधेच वर तोंड करून असा बारीक सूर काढायची की अंगावर काटा यावा. आता तिचं पोट काय दिसत नव्हतं का? चांगलं जमिनीला टेकायला आलं होतं. मामांचा उभा जन्म गुरावासरांत गेलेला, मी दोन लेकरांची आई, आणि गल्लीत शहाण्या बायका काय कमी होत्या? पण आमच्याकडं कुत्रं जमीन उकरायला लागलं की माणसाला एकच गोष्ट सुचते. दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून पितात म्हणतात ना, आम्ही तर पाणीसुद्धा फुंकून पिणारी माणसं.

मामांनी खिडकीतून हात घालून माझ्या ओट्यावरची रिकामी परात ओढली आणि ती पळीनं बडवत गल्लीत निघाले. बाहेर निघा, गॅस बंद करा, बाहेर निघा. आणि गंमत बघा, एकानंही विचारलं नाही की काय झालं म्हणून. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळी गल्ली रस्त्यावर. वरच्या पोरी ओळीनं खाली आल्या, सर खडूच्या हातानंच आले. शेजारचे काका टीव्ही उचलून घेऊन आले, त्यांची बायको लोणच्याची बरणी. आम्हाला बघून पलीकडची गल्ली बाहेर आली, त्यांना बघून तिच्या पलीकडची. देगलूरचे एक पालक त्याच दिवशी मुलीला सोडायला आले होते. ते बिचारे डोक्यावर पेटी घेऊन आत शिरत होते ते तसेच मागं फिरले आणि पेटीसकट रस्त्यात उभे राहिले.

तास गेला. जमीन गप्प. पोरींनी खांबाखाली बसून पुस्तकं उघडली. लहान लेकरं जेवायला मागायला लागली. मग ती देगलूरची नवी पोरगी, जिचं आमच्या घरात अजून पाऊलही पडलं नव्हतं, ती मागच्या अंगणाकडून आली आणि माझ्या कानाशी लागून हळूच म्हणाली, "काकू, भूकंप नाहीए. पिल्लू आलंय."

मग काय विचारता. आधी मला हसू फुटलं, मग गल्लीला, मग पलीकडच्या गल्लीला. मामा, पेढे काढा. आजोबा, किती रिश्टरची पिल्लं हो? ज्याला जे सुचेल ते. लोक हसत होते तेही भीती उतरल्याचं हसू होतं, मला कळत होतं. पण मामा परात हातात धरून खाली बघत उभे होते, आणि ते बघून मी हसायची थांबले.

सर हसले नाहीत. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. घरात आल्यावर त्यांनी एकच सांगितलं की, परीक्षा संपल्या की शेड काढायचं. तिथं क्लासचा हॉल बांधायचा. वर पोरी राहतात तिथंच क्लास, हे किती दिवस चालवायचं? आबांनी, सर वडलांना आबा म्हणतात, आत यावं, त्यांच्यासाठी खोली आहे, पलंग आहे. त्यात चुकीचं काय होतं म्हणा. माझा नवरा वाईट नाही. पण नव्या पालकांसमोर गल्लीनं बापाला हसावं, हे त्याला सोसलं नव्हतं, आणि ज्याला सोसत नाही तो शेड पाडायला निघतो, आमच्या घरातली ही रीतच आहे.

मामांनी पायरीच्या बाहेरून सगळं ऐकलं. शांतपणे म्हणाले, "मग मी गावाकडं जातो. पुनर्वसनात माझ्या नावाचं घर हाय. आंगण लई मोठं हाय."

ते घर मी बघितलेलं होतं. मिळालं तेव्हापासून कुलूपबंद, दारात कंबरेएवढं गवत. मामांना डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, दोन्ही वेळा थेंब मी घालायची. तिथं त्यांना भाकरी कोण देणार? थेंब कोण घालणार? मी सरांना स्वच्छ सांगितलं की शेड निघालं तर मेसही निघाली, बारा पोरींना तुम्हीच भाकऱ्या बडवून घाला. सर म्हणाले, आबा आत आले तर प्रश्नच मिटतो. आणि तेही खरंच होतं. ते एक पायरी चढले असते तर कुणालाच कुठं जायची गरज नव्हती. पण ती पायरी त्यांना चढवणार कोण?

एकीकडं हे, आणि दुसरीकडं तांबडीची सहा पिल्लं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. पण खोटं कशाला बोलू, सकाळी शेडात वाकून बघितलं आणि मी पाघळले. मामांच्या घोंगडीवर एकाला एक चिकटून सहाच्या सहा, डोळे मिटलेले, तोंडं आईला लागलेली. दोन तांबडी, दोन काळी, एक ठिपक्यांचं आणि एक पांढरं, ते नुसतं लोण्याच्या गोळ्यासारखं. मी तांबडीला बाळंतिणीसारखं केलं. बाजरीची भाकरी कुस्करून, गूळ आणि वरून तूप. सर म्हणाले, माझ्या बहिणींना एवढं तूप घातलं नव्हतंस. म्हटलं, तुमच्या बहिणींनी तांबडीसारखं मुकाट्यानं खाल्लं असतं तर त्यांनाही घातलं असतं.

पाचव्या दिवशी वरच्या पोरी पाचवी पुजायला म्हणून शेडात हजर. पाचवीला सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते, म्हणून आपण कोरा कागद आणि लेखणी ठेवतो. या चावट पोरींनी फिजिक्सच्या प्रश्नसंचाचं पुस्तक ठेवलं. म्हणे, सहाच्या सहा मेडिकलला लागू देत. मामा किती दिवसांनी हसले.

पिल्लांचे डोळे उघडायला आले आणि तांबडी पडली. सकाळी बघते तर अंग ताठ, पाय लटपटतायत, तोंडातून लाळ, सगळं शरीर थरथरतंय. मला वाटलं कुणी विष घातलं की काय. जनावरांचा डॉक्टर बोलावला. तो म्हणाला, सहा जणांनी पिऊन पिऊन तिच्या अंगातलं सगळं कॅल्शियम ओढून घेतलंय. त्यानं शिरेत इंजेक्शन दिलं, हळूहळू, एक हात तिच्या छातीवर ठेवून. ती वाचली. पण पिल्लं तिला लावायची नाहीत, असं त्यानं बजावलं. वरचं दूध पाजा आणि ऊब ठेवा, नाहीतर थंडीनंच जातील. पत्र्याच्या शेडात पहाटे काय गारठा असतो, हे त्याला सांगायची गरज नव्हती. तो पत्र्याकडं बघूनच मान हलवत गेला.

मी ज्वारीची टोपली रिकामी केली, तिच्यात जुनं लुगडं अंथरलं आणि सहाच्या सहा पिल्लं उचलून माझ्या स्वयंपाकघरात आणली. पिठाच्या डब्याशेजारी, गॅसच्या ओट्याखाली. मामा पायरीशी उभे राहून बघत होते. त्यांचा हात नकळत पुढं आला होता. पण पाय नाही.

आता माझी बढाई ऐका. पिल्लू वाढवणं म्हणजे नुसतं दूध ओतणं नव्हे. उताणं धरून पाजलं की दूध छातीत जातं आणि ते गेलंच. पालथंच धरायचं, आईच्या पोटाखाली असतं तसं, मान जराशी वर. पहिल्यांदा ड्रॉपरनं थेंब थेंब, मग बाळाची बाटली. दूध गायीचं नुसतं चालत नाही, पोटं बिघडतात. मग मी गल्लीच्या टोकाला शेळी असलेल्या घरी रतीब लावला. पाजून झालं की ओल्या कोमट कापसानं पोटाखाली पुसायचं, त्याशिवाय ती मुतत नाहीत, कारण ते काम आई जिभेनं करत असते. हे कळलं नसतं तर पोटं फुगूनच गेली असती. ऊबेसाठी टोपलीवर बल्ब टांगला. पण लाइटचा भरवसा कुणी द्यावा? मग दवाखान्यातल्या सलाईनच्या रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरून त्या फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवायच्या, गार झाल्या की बदलायच्या. लातूरला तेव्हा नळाला पाणी कधीतरी यायचं, नांदेडसारखी गोदावरी दारात नव्हती. तरी त्या बाटल्यांचं पाणी मी कमी पडू दिलं नाही. बारा पोरींच्या दोन्ही वेळच्या जेवणातही एक दिवस खंड पडला नाही. कुणी म्हणावं की मेसची चपाती त्या दिवसांत कच्ची होती, मी आजही ताट समोर ठेवायला तयार आहे.

पोरींनी आपापल्या पाळ्या लावून घेतल्या. अभ्यासातून उठायला कारणच पाहिजे असतं, पण काही खरंच जीव लावून करायच्या. ती देगलूरची पोरगी पहिल्या दिवशी पिल्लाला हात लावायलाही भीत होती. डॉक्टर व्हायला आलीस आणि पिल्लाला भितेस होय गं, म्हणून मी तिला फैलावर घेतलं आणि एक काळं पिल्लू तिच्या मांडीवरच टाकलं. दोन दिवसांत ती त्यांच्याशी आपल्या घरच्या तेलुगूत बोलायला लागली. रा रा, पालु तागु. ये ये, दूध पी. ती आवाज द्यायची आणि टोपलीत सहा मुंडकी वर व्हायची. माझ्या मराठीला एकसुद्धा दाद देत नव्हतं.

आणि मामा? मामा पायरीच्या बाहेर पोतं टाकून बसायचे. अंग बाहेर, हात आत. मी उंबऱ्यावरून एकेक पिल्लू त्यांच्या हातात द्यायची, ते पाजून परत द्यायचे. ठिपक्यांचं होतं ते जन्मापासूनच मरतुकडं, बाटली धरेना, धरली तर ओढेना. डॉक्टरनं त्याची आशा सोडली होती. मामांनी ते बंडीच्या आत पोटाशी धरलं आणि दिवसभर तसंच ठेवलं. बोट दुधात बुडवायचं आणि त्याच्या तोंडात द्यायचं. दिवसच्या दिवस हेच. तांबडी त्यांच्या मांडीला टेकून पडलेली असायची. एके सकाळी त्या मरतुकड्यानं मामांच्या बोटाला असा जोर लावला की ते कळवळले, आणि मग माझ्याकडं बघून, आपलाच नातू बोर्डात आल्यासारखे हसले. मी सांगते, त्यांच्या तोंडावर एवढा अभिमान मी सरांच्या नोकरीच्या वेळीसुद्धा बघितला नव्हता. मग माझ्या तरी तोंडावर का नसावा? सहातलं एकही मी जाऊ दिलं नव्हतं. आम्ही जाऊ दिलं नव्हतं, असं म्हणते.

पण शेड निघायचं होतंच. सरांनी मिस्त्रीला बोलावून माप घ्यायला लावलं. मिस्त्री फीत धरून अंगणात फिरत होता आणि मामा पायरीशी बसून पिल्लू पाजत होते. संध्याकाळी त्यांनी मला पुनर्वसनाच्या घराची किल्ली शोधून ठेवायला सांगितली. मी म्हटलं, हरवली. किल्ली माझ्या कपाटात होती आणि ती मी देणार नव्हते. पण किल्लीनं काय होतंय? एकदा मनात घेतलं की मामा कुलूप तोडून राहणारे. मला रात्र रात्र डोळा लागेना. पिल्लांसाठी उठायची ते सोंग होतं, ती तर झोपलेली असायची.

मग ती दुपार आली. पिल्लं आता टोपलीत राहीनाशी झाली होती, लटपटत स्वयंपाकघरभर फिरायची. वर क्लास चालू होता. मी पुढच्या दारात मेथी घेत होते, माझी दोन्ही लेकरं तिथंच रस्त्यावर खेळत होती. आधी आवाज आला, लांबून जड ट्रक यावा तसा. मेथीवालीनं हातातली जुडी तशीच धरली. मग पायाखाली थरथर, आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची भांडी एकमेकांवर आपटायला लागली. या खेपेला कुणी परात वाजवली नव्हती. तांबडीनंही काही सांगितलं नव्हतं.

वरून पोरी धडाधड जिन्यानं उतरल्या. गल्ली परत रस्त्यावर. सर शेवटची पोरगी पुढं घालून खाली आले आणि त्यांनी तिथंच पोरी मोजायला सुरुवात केली. मी आडव्या बोळानं मागं अंगणात पळाले, मामांना बाहेर काढावं म्हणून. खरं तर त्यांना कशाला काढायचं? सगळ्या घरात शेडाएवढी सुखरूप जागा दुसरी नव्हती. पण शेडात ते नव्हते. खाट रिकामी. मी वळून बघितलं तर स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून त्यांची पाठ आत जाताना दिसली. डोक्यावर स्लॅब, स्लॅबवर अख्खा मजला, आणि मामा आत. तांबडी त्यांच्या मागोमाग.

मी दाराकडं धावले. तेवढ्यात ते बाहेर आले. धोतराचा सोगा दोन्ही हातांनी धरलेला आणि त्यात पिल्लं, सगळी केकाटतायत. ती त्यांनी माझ्या पदरात ओतली आणि एकेकाच्या डोक्यावर हात फिरवत चाचपलं, कारण डोळ्यांचा त्यांना भरवसा नव्हता. जमीन तोवर थांबली होती. पण परत हलणार नाही, असं कुणी लिहून दिलं नव्हतं. आमच्या लोकांना पहिल्या धक्क्याची नाही एवढी दुसऱ्याची भीती असते.

एक कमी होतं. पांढरं.

सर बोळातून पळत आले. त्यांनी बापाला मागं फिरताना बघितलं आणि ओरडले, आबा थांबा, मी जातो. मामा वळलेसुद्धा नाहीत. "तू तुझ्या पोरी मोज," एवढंच म्हणाले आणि पायरी चढले. पहिल्यांदा ते पळत गेले होते, त्याचं काय एवढं, भीतीनं माणूस कुठंही शिरतो. दुसऱ्यांदा ते चालत गेले. पूर्ण जाणून, वर बघून गेले. दारातून मला दिसत होतं, ओट्याखाली हात घालून चाचपतायत, पिठाचा डबा सरकवतायत. सर माझ्याशेजारी उभे होते. सरांच्या मागोमाग आलेल्या देगलूरच्या पोरीनं माझा दंड असा आवळून धरला होता की त्याचे वळ दुसऱ्या दिवसापर्यंत होते.

ते पांढरं ढोल पिल्लू डब्यामागं गाढ झोपलं होतं. एवढं सगळं झालं तरी त्याला पत्ता नाही. मामांनी ते बखोटीला धरून आणलं, माझ्या पदरात टाकलं आणि पायरीवर बसले. धाप लागली होती. सरांनी जाऊन त्यांचा हात धरला. मग मामा माझ्याकडं बघून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "या टायमाला आत जाता आलं, माय."

मी रडले. तोवर अंगणात जमलेल्या गल्लीसमोर, पोरींसमोर, पदरात सहा पिल्लं घेऊन मोठ्यानं रडले आणि मला त्याची लाज नाही. सासूबाईंना मी पाच वर्षं बघितलं होतं. मायाळू बाई होती. त्या दिवशी मला ती फार आठवली.

धक्का लहानच होता. पेपरात चार ओळी आल्या. शेजाऱ्यांच्या भिंतीला एक चीर गेली, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी मामा मिस्त्रीला स्वतः म्हणाले, ये बाबा, काढू पत्रे. सर नको म्हणत होते, हॉल वरच राहू द्या म्हणत होते, आता त्यांनाच शेड काढवेना. मामांनी ऐकलं नाही. पहिला पत्रा त्यांनी स्वतः उतरवला आणि घोंगडी उचलून आत आले. स्वयंपाकघराशेजारची खोली घेतली, दाराजवळ खाट. कधी कधी पहाटे उठून अंगणात जाऊन उभे राहायचे. मी कधी विचारलं नाही.

पिल्लं मोठी झाली आणि चांगल्या घरी गेली. ते मरतुकडं मी कुणाला दिलं नाही, ते मामांचं. देगलूरची पोरगी मेडिकलला लागली, तिचा पहिला पेढा तांबडीला मिळाला. मी आता नांदेडला गेले की भावजया मुद्दाम विषय काढतात, आणि मी सांगते की माझा सासरा भूकंपात स्वतःच्या पायानं घरात गेला. ऐकणाऱ्यात कुणी नवखं असलं की हमखास मला दुरुस्त करतं, बाहेर आले म्हणायचंय का तुम्हाला? मी म्हणते, नाही. बाहेर तर सगळेच येतात. माझा सासरा आत गेला.